दादाच्या नावाची आंघोळ

कोराडीच्या देवीची आण, ताजबागच्या बाबाची आण, अन् माह्या तोंडात उरलेल्या चार दातांची आण. शेजारच्या फ्लॅटमधी ऐकू जाईन इतक्या मोठ्यानं सांगते, चिखलदऱ्याच्या त्या आठवड्याचं मी जे सांगून राहिली त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मागं मी बिबट्याले काठीनं हाकललं म्हणून सांगितलं होतं, ते सोडा. तो बिबट्या नव्हता हे मले नंतर समजलं. पण हे खरं आहे. ज्याले पटत नसन त्यानं वंदनाले विचारावं. ती कबूल करणार नाही, पण तिचं तोंड पाहून समजून जाईन.

तं रितिकाच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, आम्ही सगळे नागपूरहून चिखलदऱ्याले आलो होतो. रितिका म्हणजे माह्या धाकट्या भावाची, बापूजीची, नात. मार्चात नागपूर तापायले लागते, म्हणून बापूच्या पोरानं, सुशीलनं, डोंगरावर आठवडाभराचा बंगलाच घेतला. मिहानमधल्या ऑफिसातल्या कोण्या दोस्तानं डोक्यात भरवलं असन. साक्षगंध शुक्रवारी, अन् आम्ही आधीच्या शनिवारी रात्रीच तिथं पोचलो.

पण त्या आठवड्यात चिखलदऱ्याले ऋतू कोणता चालू आहे तेच समजेना. सकाळी थंडी अन् धुकं. दुपारी ऊन असं की टिनाचं छत कडकड वाजे. संध्याकाळी असं वारं सुटे की मोहाची फुलं दारातून आत येऊन माह्या ताटात पडत. धुक्याचं तं विचारूच नका. सोमवारी सकाळी मी लुगडं वाळत घातलं, अन् जरा उजाडल्यावर पाहते तं दोरी हातभर अलीकडंच राहिली होती, लुगडं नुसत्या धुक्यावर टांगलं होतं.

बंगल्यावर फोनले रेंज नव्हती. रेंज पाहिजे तं देवी पॉइंटच्या कठड्यापाशी चालत जा, अन् तिथंही कोणत्या अंगानं उभं राहायचं ते शोधा. मी सोमवारी गेली ती पुण्याच्या नातवाशी बोलायले. पण फोन लागायच्या आधीच वाजला. कुसुमचा होता. रुपरावदादाची पोरगी.

"आत्या, बाबा आता नुसत्या पाण्यावर अन् पेजेवर आहे," ती म्हणली. "डॉक्टर म्हणते दवाखान्यात नेऊन फायदा नाही, घरीच राहू द्या. काकाले सांगशील का? येते का नाही ते त्यांचं ते पाहतीन. पण सांगशील."

मी कठड्याले धरून उभी राहिली. खाली दरी होती म्हणे. मले दिसत नव्हती.

आमच्या तिघांत रुपरावदादा मोठा, मंग मी, मंग बापू. दोघं भाऊ नागपुरातच, बेसाले राहते, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. आमच्या बापाच्या वावरात आता फ्लॅट उभे झाले. एका फ्लॅटमधी बापू, सुशील, त्याची बायको वंदना अन् पोरगी रितिका. मागच्या दोन जुन्या खोल्यांत दादा अन् कुसुम. दोन गल्ल्या, बस. पण कितीक वर्षं झाली, बापूनं दादाचं तोंड पाहिलं नाही. दूध आणायले जायचं तरी दूरच्या चौकातून फेरा मारून जाते.

त्याचं असं झालं. बापूची बायको वारली तवा दादा एका सोयरिकीच्या बैठकीत बसला होता. निरोप भेटला, पण बैठक मोडन म्हणून उठला नाही. आला तवा राख थंड झाली होती. बापू त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. सगळ्या सोयऱ्यांसमोर नळाखाली बादली भरली, कपड्यांसकट डोक्यावर ओतली अन् म्हणला, "माह्या भावाच्या नावानं आंघोळ केली."

माणूस गेल्यावर करते ती आंघोळ. जित्या माणसाच्या नावानं केली की तो तुमच्यापुरता मेला. त्याच्या घरचं पाणी नाही, त्याच्या दारात पाय नाही, अन् खरोखर गेला तं खांदाही नाही. लोक रागात असं बोलते, करत कोणी नाही. बापूनं केली. अन् आमच्या घरचे लोक बोललेलं विसरून जाते, पण केलेलं पाळते.

मी बंगल्यावर येऊन पहिले वंदनाले सांगितलं. तिथंच चुकली असं तुम्ही म्हणाल. पण स्वयंपाकघरात तीच एकटी होती, अन् माह्या पोटात गोष्ट जास्त वेळ राहत नाही.

आता वंदनाच्या डोक्यात काय चालू होतं तेही सांगते. तुले कसं माहीत, असं विचारू नका. त्या बाईच्या डोक्यातलं सगळं तिच्या हातात येते. ती आहेराच्या साड्या लावून राहिली होती. माहं ऐकलं, अन् तिनं तीच साडी तीनदा उलगडली, तीनदा घडी केली. रोहितचं, म्हणजे नवरदेवाचं, पुढल्या बुधवारचं विमान. मंग वर्षभर पोरगा परदेशात. वंदनाले तिच्या बहिणीच्या पोरीचं आठवत होतं, जिचं साक्षगंध असंच पुढं ढकललं अन् मंग ते कधी झालंच नाही. शुक्रवारच्या आधी रुपराव गेले तं सुतक. मामाजीले, म्हणजे बापूले, सांगितलं अन् ते निघाले तं साक्षगंध मोडलं. अन् सांगूनही ते नाही निघाले तं? तं त्या घरात अशा सासऱ्याबरोबर आपण कसं राहू, हाही विचार तिच्या डोक्यात आला होता. तिसऱ्या घडीच्या वेळी आला तो.

"आत्याबाई, शुक्रवारपर्यंत," ती म्हणली. "तुम्ही आजवर कोणतीच गोष्ट पोटात ठेवली नाही हे मले माहीत आहे. ही ठेवा."

"अन् दादा तेवढ्यात गेला तं?"

"तं आपल्याले समजलं नाही. जे कानावर आलं नाही त्याचं सुतक लागत नाही. इथं रेंज नाहीच."

"माह्या कानावर आलं ना वं."

"तुमच्या कानावर आलेलं कोण खरं मानते?" वंदना म्हणली, अन् लगेच तिचं तिलेच वाईट वाटलं. मले नाही वाटलं. खरंच होतं ते.

मी हो म्हणली. पोरीच्या लग्नाचं होतं.

पण घरात एकाले माहीत झालं की हवा बदलते. मंगळवारी ऊन पडलं तसे सगळे फिरायले निघाले, अन् जो जो देवी पॉइंटवर जाऊन आला तो तो तोंड धुतल्यासारखा होऊन परत आला. पहिला सुशील. कुसुमनं त्यालेही फोन केला होता. सुशील लहानपणी दादाच्या खांद्यावर बसूनच गाव हिंडला. सायकल त्याले दादानं शिकवली, गुडघा फुटला तवा आपल्या धोतराची चिंधी फाडून बांधली. तोच सुशील परत येऊन वऱ्हांड्यात बसला अन् फोनमधी हवामान पाहत राहिला. फोन म्हणे ऊन आहे, अन् याच्या डोक्यावर टपटप पाऊस पडून राहिला होता, तरी हा फोनच पाहे. वंदनानं त्याले खोलीत नेलं. बाहेर आला तवा तोही माह्यासारखाच हो म्हणून आला होता.

रितिका मात्र वेगळी. ती बुधवारी पॉइंटवर फोटो काढायले गेली, तिथं तिलेही कुसुमचा फोन आला, अन् धावत आली. सरळ आबाजवळच जाऊन राहिली होती, वंदनानं तिले स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. दोघी हळू आवाजात भांडल्या. हळू आवाजातलं भांडण मले सगळ्यात चांगलं ऐकू येते.

"मोठे आबा मरून राहिले अन् आपण मेंदीचं डिझाइन पाहून राहिलो का?" रितिका म्हणली.

वंदनानं सांगितलं की सदरवाले उद्या येऊन राहिले. सदरवाले म्हणजे रोहितच्या घरचे, त्याईचं सदरले दुकान आहे. त्याईले काय सांगायचं? त्याईले आपण पहिल्या भेटीतच सांगितलं आहे की घरात आबाच मोठे, त्याईले भाऊ नाही.

"ते खोटं होतं," पोरगी म्हणली.

"ते तुह्या आबानंच सांगितलं, मी नाही."

रितिकानं माह्याकडं पाहिलं. माह्यावर तिचा भरवसा, कारण तिच्या सगळ्या खोट्या गोष्टी मी सांभाळल्या आहेत. मी भाजी निवडत राहिली. तिच्या डोळ्यांतून मी त्या दिवशी उतरली, ते मले दिसलं. भाजीच्या काड्या ताटात अन् पानं कचऱ्यात टाकून राहिली होती मी.

म्हणजे आता एका छपराखाली चौघं. मी, वंदना, सुशील, रितिका. चौघांच्याही तोंडाले कुलूप, अन् मधात बापू. बापू मजेत होता. रोज अंधार फिटता फिटता कानटोपी घालून फिरायले जाये, डॉक्टरनं चालायले सांगितलं म्हणे. परत येऊन दोन कप चहा घे, अन् हवामानावर भाषण दे. आम्ही त्याच्यासमोर इतकं हसलो, इतकं हसलो, की तो एकदा म्हणला, तुमच्या पोटात दुखून तं नाही राहिलं?

गुरुवारी सकाळी मले झोप नव्हती. बापू निघाला तशी मी मागं मागं गेली. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, पण बापूचं खोकणं ओळखू येते. तो देवी पॉइंटच्या कठड्यापाशी थांबला. खिशातून फोन काढला, कानाले लावला, अन् उभा राहिला. बोलला काहीच नाही. नुसता ऐकून राहिला होता. मंग फोन खिशात टाकला, कठड्यावरची ओल हातानं पुसली, दोनदा पुसली, अन् चालायले लागला. मी झाडामागं झाली.

तो गेल्यावर मी कुसुमले फोन लावला. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणली, "आत्या, रविवारपासून रोज सकाळी एक फोन येते. कोणी बोलत नाही. मीच सांगत राहते, आज दोन चमचे पेज घेतली, आज कूस बदलली, आज डोळे उघडले. सांगून झालं की तिकडून ठेवून देते."

मी तिले विचारलं, नंबर कोणाचा आहे?

"मी पाहिला नाही," कुसुम म्हणली. "पाहिला तं बोलावं लागन."

मी परत येताना रस्ताच चुकली. ज्या माणसापासून आम्ही चौघं लपवून राहिलो होतो, तो आमच्यापासून लपवून राहिला होता. अन् आमच्यापेक्षा एक दिवस आधीपासून. बेसाले होता तवा दोन गल्ल्या ओलांडल्या नाही, अन् आता डोंगरावर येऊन कठड्याले टेकून दादाच्या पेजेचे चमचे ऐकून राहिला होता. मी हे कोणाले सांगितलं नाही. वंदनालेही नाही. माह्या जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट माह्या पोटात टिकली.

दुपारी सदरवाले आले. रोहित, त्याचे आई-बाबा, अन् दोन गाड्या भरून माणसं. चहा झाला, हसणं झालं. चारच्या सुमारास आभाळ असं काळं झालं की कोंबड्या खुराड्यात गेल्या. मी अन् बापू वऱ्हांड्यात होतो, बाकीचे आत.

"कोणाले फोन करून राहिला होतास सकाळी?" मी विचारलं.

"हवामान पाहून राहिलो होतो."

"काय म्हणते हवामान?"

वारं आलं, खुर्ची सरकली.

"दोन चमचे पेज घेतली म्हणते," तो म्हणला.

"मंग बोलत काहून नाही गा तिच्याशी?"

"काय बोलू? मेलेल्या माणसाची तब्येत विचारता येते का? आंघोळ केली बाई मी. चार गावच्या लोकांसमोर केली." मंग हळूच म्हणला, "पोरीचं होऊ दे. शनिवारी उतरतो."

"शनिवारपर्यंत थांबतो असं दादानं सांगितलं का तुले?"

तो काही म्हणणार, तेवढ्यात गारा सुरू झाल्या. टिनावर असा आवाज की बाजूच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येईना. एकेक गार नारळाएवढी. खानसाम्यानं त्यातली एक उचलून बादलीत ठेवली अन् रविवारपर्यंत तिच्यावर दूध थंड केलं. अंगणातला आंबा मोडला, पलीकडं रस्त्यावर एकामागून एक झाडं कोसळल्याचे आवाज आले. अर्ध्या तासानं सगळं शांत. सुशील पाहून आला, घाटात झाडं आडवी पडली म्हणे, गाडी खाली जात नाही. अन् टॉवरही गेला.

बापूनं ते ऐकलं अन् उठून आत गेला. दादाचं शेवटचं ऐकलेलं ते सकाळचं.

शुक्रवारी सकाळी तो अंधारातच देवी पॉइंटवर गेला अन् लवकर आलाच नाही. आला तवा कानटोपी ओली, ओठ निळे. रेंज नव्हती हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वंदनानं त्याले गरम पाणी काढून दिलं. आंघोळीले जाताना तो न्हाणीच्या दारात जरा थांबला, एवढं मी पाहिलं.

दहाला ऊन निघालं, कोवळं, धुतलेलं. अंगणात सतरंज्या पडल्या. रितिका हिरव्या साडीत पाटावर बसली, तिच्यासमोर रोहित. पोरगा चांगला आहे, त्याचा यात काही दोष नाही. आमच्यात साक्षगंधाले अंगठी-बिंगठी नंतर. पहिलं गंध. पोरीच्या घरचा सगळ्यात मोठा माणूस पोरीच्या कपाळाले गंध लावते अन् साक्ष होते. लावायच्या आधी पोराचा बाप विचारते, तुमच्या घरी तुमच्याहून मोठं कोणी आहे का? असन तं त्याले विचारलं का? नसन तं म्हणायचं, माह्याहून मोठं कोणी नाही, मीच साक्ष. हे बोलल्याशिवाय गंध लागत नाही. हसत हसत विचारते, हसत हसत सांगते. चार शब्दांचं काम.

बापूच्या डाव्या हातात वाटी, उजवा अंगठा गंधात बुडवलेला. रोहितच्या बाबानं हसत विचारलं.

बापूनं तोंड उघडलं अन् तसंच राहिलं.

मले माहीत होतं तो काय मोजून राहिला. दादा जिता असन, तं 'मोठं कोणी नाही' हे गंधावर हात ठेवून खोटं बोलणं. दादा गेला असन, तं हे खरं, पण मंग घरात सुतक, अन् गंधाले हातच लावता येत नाही. अन् दोघांपैकी काय झालं आहे ते त्याले माहीत नव्हतं. आम्हा कोणालेच नव्हतं. वंदनाच्या हातातल्या ताटातली सुपारी वाजून राहिली होती. सुशील स्वतःच्या पायाकडं पाहून राहिला होता. लोकांनी आधी वाट पाहिली, मंग एकमेकांकडं पाहिलं.

"मामाजी," वंदना हळूच म्हणली, "म्हणा ना."

बापूच्या अंगठ्यावरचं गंध वाळायले लागलं.

"आहे," तो म्हणला.

रोहितच्या बाबाले वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मोठा भाऊ आहे मले. रुपराव. काल सकाळपर्यंत होता. आजचं माहीत नाही." मंग वाटी खाली ठेवली. "मी त्याले न विचारता लावू नाही शकत."

"तुम्ही तं म्हणला होता भाऊ नाही म्हणून," रोहितचे बाबा म्हणले. आवाज चढला नव्हता, पण हसणं गेलं होतं.

"खोटं सांगितलं."

"बुधवारी पोराचं विमान आहे, भाऊसाहेब."

मी वंदनाकडं पाहिलं. सगळेच तिच्याकडं पाहून राहिले होते, कारण चार दिवसांपासून हे घर तीच धरून होती. तिनं अजून एक शब्द टाकला असता तं सदरवाल्यायनं तिची बाजू घेतली असती, सुशीलनं घेतली असती, अन् मीही गप्प बसली असती. तिनं ताट बाजूच्या बाईच्या हातात दिलं. सुशीलच्या खिशात हात घालून गाडीची चावी काढली.

"विमानाचं माहीत आहे आम्हाले," ती रोहितच्या बाबाले म्हणली. "मामाजी, चपला घाला. आत्याबाई, तुम्हीही."

"पोरगी," बापू म्हणला. त्यानं रितिकाकडं हात केला.

रितिका पाटावरूनच म्हणली, "जा तुम्ही आबा. कपाळ काही पळून नाही चाललं माहं."

गाडी वंदनानं चालवली. सुशील मागं थांबला, सदरवाल्यायजवळही कोणी पाहिजे होतं. घाटात अर्धी झाडं कापून झाली होती, बाकीची कुऱ्हाडीखाली. आम्ही थांबलो, चाललो, पुन्हा थांबलो. एका वळणावर इतकं धुकं की वंदनानं काच खाली करून मान बाहेर काढून गाडी हाकली. पुढल्या वळणाले लख्ख ऊन, अन् रस्ताभर पळसाची फुलं अशी पडली होती जशी कोणी मुद्दाम टाकली. बापू एकदा म्हणला, "हळू." अन् सपाटीवर आल्यावर म्हणला, "आता दाब जरा."

परतवाड्याले सगळ्यांचे फोन एकदम वाजायले लागले. वंदना म्हणली, कुसुमताईले लावा. बापूनं खिशावर हात ठेवला.

"नको," तो म्हणला. "फोन नाही केला तोवर तो आहे."

मंग आम्ही कोणीच फोन काढला नाही. अमरावती गेली, तळेगाव गेलं, कोंढाळी गेलं. गाडीत बसून मी पहिल्यांदाच कोणतीच गोष्ट सांगितली नाही. वंदनानं आरशातून दोनदा माह्याकडं पाहिलं, बुढीले बरं आहे ना म्हणून.

नागपूरले पोचलो तवा दिवस कलला होता अन् गरम वारं वाहत होतं. डोंगरावरचे स्वेटर अंगातच. बेसाच्या त्या गल्लीत गाडी शिरली तशी मी पहिले दार पाहिलं. दारात गोवरी पेटलेली नव्हती. बांबू नव्हते. चपलांचे जोड थोडेच. म्हणजे दादा अजून होता.

कुसुम बाहेर आली. "काका, या," म्हणली. एवढंच. जसा तो काल येऊन गेला होता.

बापू उंबऱ्यापाशी आला अन् थांबला. पाय उचलला नाही. आतली खाट दाराच्या समोरच होती, दादा भिंतीकडं डोकं करून निजला होता. एवढासा झाला होता. बापूनं चौकट धरली. मी आत गेली, वंदनाही आली. तिनं मागं वळून पाहिलं, पण त्याले हाक नाही मारली. मारायची नसते अशा वेळी.

मी दादाच्या कानाशी वाकली अन् सांगितलं, दादा, बापू आला आहे. दादाचे डोळे उघडे होते. त्यानं छपराकडं पाहिलं, मंग माह्याकडं. ओठ हालले. मी कान तोंडाजवळ नेला.

"काय म्हणून राहिला तो?" दारातून बापूनं विचारलं. लहानपणी मार खायच्या आधी असाच विचारे.

"म्हणते, बाप्या आला असन," मी सांगितलं. "म्हणते, आधी जेवू घाला त्याले. उपाशीच निघाला असन."

बापूनं चौकट सोडली. आत आला. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला, तो खरंच सकाळपासून उपाशी होता. कुसुमनं वरण-भात वाढला. तो उजव्या हातानं जेवला अन् डावा हात दादाच्या पायावर ठेवला, जेवण होईतो काढला नाही. वंदना भिंतीले टेकून बसली होती, तिनंही एक घास खाल्ला. त्या घरचं पाणी बापू प्यायला. एक गिलास, मंग दुसरा.

दादा शनिवारी दुपारी गेला. पुढला खांदा बापूनं दिला. रोहित बुधवारच्या विमानानं गेला, साक्षगंधाविनाच. रितिका रोज त्याच्याशी फोनवर भांडते, म्हणजे चांगलं चालू आहे असं मी समजते. सदरवाल्यायचं काय ते वंदना पाहून राहिली. बापू आजही कोणी पाव्हणा आला की सांगते, शेवटच्या दिवशीही माह्या भावाले माह्याच जेवणाची काळजी होती. सांगताना दरवेळी थांबते, चष्मा पुसते.

आता शपथ घेतली आहे, अन् दात चारच उरले आहेत, म्हणून सांगून टाकते. बाकी सगळं खरं आहे. तेवढं एक मी घातलं. दादाचे ओठ हालले होते, पण आवाज नव्हता. गुरुवारी संध्याकाळपासूनच त्याची वाचा गेली होती, अन् ते कुसुमले माहीत होतं. मी बोलली तवा ती माह्याकडं पाहत राहिली. मंग ताट वाढायले उठली.